रिकामी दिसणारी लेन

बस डावीकडे वळायला हवी होती. ती सरळ गेली. कानात इअरफोन घातलेल्या मुलीनंसुद्धा मान वर केली. मग पुढून-मागून एकच प्रश्न, "अहो, ही तिकडून जात नाही का?" कंडक्टर सकाळपासून तेच सांगून दमलेला. "आजपासून मार्ग बदललाय. पाटी नाही वाचली?"

रोजच्या बसची पाटी कोण वाचतं? इतकी वर्षं त्या वळणाला बस कलली की मला आपोआप जाग यायची. मार्ग ठरवणाऱ्यांच्या लेखी नकाशावरची एक रेघ सरकली असेल. माझं गजराचं घड्याळ गेलं.

बदल एवढाच नव्हता. भर चौकातल्या मुख्य रस्त्यावर रंगीत पट्टा ओढून त्यावर 'फक्त बस' असं लिहिलं होतं. वर्तमानपत्रांत तिला 'राखीव मार्गिका' म्हणतात, बोलताना सगळे बस लेनच म्हणतात. पहिल्याच आठवड्यात गाडीवाला मित्र तावातावानं म्हणाला, "बघ, आम्ही इथं कुजतोय आणि ती अख्खी लेन रिकामी!" खरं सांगायचं तर त्याच्या शेजारी बसलो होतो तेव्हा मलाही तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी बसच्या खिडकीतून हिशेब मांडला. मिनिटाला एक बस आणि बसमध्ये पन्नास माणसं धरली, तर तासाला तीन हजार. शेजारच्या लेनमधून सिग्नल सांभाळत तासाला सहा-सातशे गाड्या सुटल्या तरी पुष्कळ, आणि बहुतेक गाड्यांत माणूस एकटाच. बसची लेन रिकामी दिसते, कारण बस येते आणि निघून जाते. ती गच्च दिसायला लागली तर काहीतरी बिघडलंय असं समजावं. पण डोळ्यांना हे पटत नाही. दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद हा बसचा राखीव पट्टा २००८ साली सुरू झाला, गाडीवाल्यांच्या शिव्या खात राहिला आणि २०१६ मध्ये उखडला गेला. त्याच्या आखणीत दोष होतेच. पण शेजारची लेन मोकळी दिसली की माणसाला आपली कोंडी दुप्पट वाटते, हेही आहेच.

बस येत नाही तर येत नाही आणि आली की एकापाठोपाठ दोन येतात, ही तक्रार मी वर्षानुवर्षं केली. ड्रायव्हर चहाला बसले असणार, अशी माझी ठाम समजूत होती. गंमत वेगळीच आहे. कोंडीत एक बस जरा मागे पडते. तेवढ्यात पुढच्या थांब्यावर गर्दी वाढते, चढ-उताराला वेळ लागतो, बस आणखी मागे पडते. तिच्या मागच्या बसला थांबे रिकामे मिळतात, म्हणून ती पळत येऊन पहिलीला गाठते. लेनमुळे कोंडीतली ती पहिली अडखळ टळते. दारात उभं राहून सुट्टे पैसे शोधणाऱ्यांवर मात्र कुठलीच लेन चालत नाही. (त्यांत मी आहे.)

मार्गबदलाचं दुखणं मात्र वेगळं. जुनी बस प्रत्येक गल्लीची चौकशी करत जायची. नवी सरळ जाते, लवकर-लवकर येते, पण मला मध्ये उतरून दुसरी धरावी लागते. दक्षिण कोरियातल्या सोल शहरानं १ जुलै २००४ ला एका फटक्यात सगळे मार्ग आणि नंबर बदलले, मुख्य मार्गांच्या बस निळ्या आणि जोडमार्गांच्या हिरव्या केल्या. पहिले काही दिवस नुसता गोंधळ. अमेरिकेतल्या ह्यूस्टननं २०१५ च्या ऑगस्टमध्ये रातोरात तसंच केलं. त्या सकाळी तिथंही कुणीतरी चुकीच्या कोपऱ्यावर घड्याळ बघत उभं असणारच.

कारण दहाव्या दिवशी मी स्वतः तसा उभा होतो. जुन्या थांब्याचा खांब अजून तसाच. नंबरावर चिकटवलेला कागद एका कोपऱ्यातून सुटलेला आणि खालून आमच्या बसचा शेवटचा आकडा डोकावतोय. पाय आपसूक तिथं आले होते. शेजारी एक काकू पिशवी सांभाळत रस्त्याकडे टक लावून उभ्या. पाच मिनिटांनी आमच्या दोघांच्याही एकाच वेळी लक्षात आलं. त्या पिशवीत काहीतरी शोधू लागल्या, मी वाकून बुटाची लेस बांधली. मग नव्या थांब्याकडे दोघंही निघालो, एकमेकांना न ओळखल्यासारखे, रस्त्याच्या दोन कडांनी.