तुम्ही विचारलंत म्हणून : पणजोबा बसऱ्याला गेले, त्याचा अभिमान वाटतो का?

हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी येतो. एक बाजू म्हणते, ताई, तुमच्या घराण्यात पहिल्या महायुद्धाचे वीर होऊन गेले, केवढा अभिमान वाटत असेल. दुसरी बाजू म्हणते, इंग्रजाच्या पगारावर इंग्रजासाठी लढले आणि तुम्ही फोटोला हार घालता, लाज नाही वाटत? लग्नात, स्टाफरूममध्ये, गावच्या ग्रुपवर, सगळीकडे तेच, आणि दोघांनाही उत्तर एका शब्दात हवं असतं. मी आजवर हसून विषय बदलत आले. आता नाही बदलत, एकदाच सगळं लिहिते, मग तुम्हाला काय ठरवायचं ते ठरवा.

महायुद्ध का सुरू झालं, कोण कुणाच्या बाजूने होतं हे तुम्हाला माहीत आहे, ते सोडते. आमच्या घरातून दोघं सख्खे भाऊ गेले, थोरले आणि धाकटे. धाकटे म्हणजे माझे पणजोबा. दोघंही ११० नंबरच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत, लढाईच्या आधीच भरती झालेले. का झाले तर प्लेगने घर अर्धं रिकामं केलेलं, सातारा जिल्ह्यातली आमची डोंगरउताराची जमीन, नाचणी-वरीवर चार महिने निघायचे, आणि शिपायाला महिन्याला ११ रुपये मिळत होते. यात देशप्रेमही नाही आणि देशद्रोहही नाही, अकरा रुपये आहेत. हे मी मान खाली घालून सांगत नाहीये. आजही आमच्याकडची पोरं पहाटे उठून भरतीच्या ग्राउंडला पळतात त्यात पगाराचा भाग किती असतो ते त्यांच्या आईला विचारून बघा.

त्यांची डिव्हिजन पुण्याची, सहावी पूना डिव्हिजन. १९१४ च्या शेवटी ती तेव्हा तुर्कांच्या ताब्यातल्या इराकमध्ये, बसऱ्याला उतरवली, कारण शेजारच्या इराणातल्या आबादानला इंग्रजांच्या तेलकंपनीची रिफायनरी होती आणि नेव्हीला तेल लागत होतं. बसरा घेतलं, मग नदीने वर वर जात राहिले, वरिष्ठांना बगदाद दिसायला लागलं. १९१५ च्या नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला तुर्कांनी अडवलं, तिथे साडेचार हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. जखमींना स्प्रिंग नसलेल्या गाड्यांत घालून नदीपर्यंत नेलं, तिथून बोटींत एकावर एक रचून बसऱ्याला. मेजिदिया नावाची बोट बसऱ्याला लागली तेव्हा एका डॉक्टराला वाटलं बोटीच्या कडेने दोर लोंबतायत, जवळ गेल्यावर कळलं की ती वाळलेली विष्ठा आहे, कारण हगवणीच्या पेशंटना हलताच येत नव्हतं. हे मी रंगवून सांगत नाहीये, हे इंग्रजांच्याच चौकशी कमिशनपुढे आलंय, त्या रिपोर्टनंतर १९१७ साली त्यांच्या भारतमंत्र्याने राजीनामा दिला.

उरलेले मागे फिरून कूटमध्ये शिरले. कूट म्हणजे टायग्रिस नदीच्या वळणात बसलेलं गाव, तिन्ही बाजूंनी पाणी. ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ पर्यंत, जवळपास पाच महिने, उठला नाही. सोडवायला आलेल्या फौजेची २३ हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली, म्हणजे आत अडकलेल्यांपेक्षा जास्त. विमानातून पिठाची पोती टाकली, पीठ दळायला जात्याचे दगडसुद्धा टाकले, पण एवढ्या माणसांचं पोट विमानाने भरत नाही.

आणि आता घोड्याचं सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर असलंच तर तिथे आहे.

रसद संपत आली तेव्हा कूटमधल्या फौजेचा प्रमुख जनरल टाउनशेंडने तोफखान्याची आणि वाहतुकीची घोडी-खेचरं कापायला काढली. गोऱ्या शिपायांनी खाल्ली. हिंदी शिपायांनी नाही म्हटलं. त्यांना रोजचं जवाचं पीठ मिळायचं ते उतरत उतरत मूठ-दोन मूठ झालं, भाजी नाहीच, हिरड्या सुजून रक्त यायला लागलं, लोक नदीकाठचा पालापाचोळा खुडून शिजवायला लागले. वायरलेसवरून हिंदुस्थानातल्या पंडितांची आणि मौलवींची परवानगी मागवली, ती आली, तरी बहुतेकांनी हात लावला नाही. इतिहासाच्या पुस्तकांत हा प्रकार 'धार्मिक समजुती' अशा दोन शब्दांत उरकतात आणि पुढे जातात. मला तसं पुढे जाता येत नाही, कारण आमचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. घोडा हे देवाचं वाहन, देव्हाऱ्यातल्या टाकावर देव घोड्यावर बसलेला, दर चंपाषष्ठीला त्या टाकाला हळद लावायची. पंडिताने तार पाठवली म्हणून तो घोडा ताटात घ्यायचा?

एप्रिलमध्ये शेवटी बऱ्याच जणांनी खाल्लं. माझ्या पणजोबांनी खाल्लं. थोरल्यांनी नाही. एवढंच नाही, धाकट्याने खाल्लं हे कळल्यावर थोरल्यांनी त्याच्या हातचं पाणी घेणं बंद केलं. एकाच पलटणीत, एका आईची पोरं.

हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. पणजोबा परत आले ते लढाई संपल्यावर, आणि घरच्यांना एवढंच सांगितलं की थोरला वाटेत गेला. त्यानंतर ते जेजुरीला कधी गेले नाहीत. घरी जागरण-गोंधळ असला की बाहेर पडवीत बसायचे, आत या म्हटलं की दम लागतो म्हणायचे. गावाला वाटायचं लढाईने डोकं फिरलंय. शेवटची दोन-तीन वर्षं अंथरुणाला खिळले तेव्हा माझी आजी, म्हणजे त्यांची सून, त्यांचं सगळं करायची, तिला त्यांनी सांगितलं. आजीने मला सांगितलं तेही माझं लग्न झाल्यावर, भावकीत बोलू नकोस असं बजावून. आज भावकीतलं कुणी पंगतीतून उठणार नाही, म्हणून लिहितेय, आणि आजी असती तर तरीही रागावली असती.

कूटमधली फौज शरण गेली तेव्हा सुमारे १३ हजार माणसं कैदी झाली. उपाशी माणसांना तुर्कांनी दगडासारखी कडक बिस्किटं दिली, ती भिजवून खाऊन पहिल्याच काही दिवसांत कितीतरी पोट धरून मेले. मग पायी बगदाद, पुढे समारापर्यंत रेल्वे, पुन्हा पायी मोसूल, आणि तिथून आताच्या सीरियातल्या रास-अल-ऐनला, बगदाद रेल्वेच्या कामावर. टाउनशेंडला मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला, कैदेत असतानाच 'सर' झाला. थोरल्यांना समाराच्या पुढे हगवण लागली. मागे पडेल त्याला पहारेकरी थांबू देत नव्हते. धाकट्याने पाण्याचं भांडं पुढे केलं, इथपर्यंत पणजोबांनी आजीला सांगितलं. थोरल्यांनी ते घेतलं का नाही, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आजीने विचारलं नाही.

आता मला सांगा, यात अभिमान कुठे ठेवू? गावच्या ग्रुपवर 'मर्द मराठ्यांनी बगदाद सर केलं' असा मेसेज फिरतो तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. बगदाद पडलं ११ मार्च १९१७ ला. दुसऱ्या मराठा पलटणी पुढे इराकातल्याच शरकातपर्यंत लढल्या आणि त्यांचा पराक्रम मी नाकारत नाही, पण कूटमधले १०३, ११० आणि ११७ नंबरवाले तेव्हा कैदेत होते. हिंदी कैद्यांतले अडीच हजारांच्या आसपास परत आले नाहीत. गोऱ्या शिपायांत तर दर दहातले जवळपास सात गेले, हेही सांगायला हवं, नाहीतर मी फक्त माझ्या सोयीचं रडतेय असं होईल.

आणि लाज? कॉलेजात असताना मी स्वतः निबंधात 'भाडोत्री शिपाई' असं लिहिलं होतं, मला तो शब्द तेव्हा फार धारदार वाटला होता. त्या मुलीशी मी अजून भांडते. मी म्हणते, अगं अकरा रुपये होते, घरात तोंडं होती. ती म्हणते, मग १९१९ ला जालियनवाला बागेत गोळ्या झाडणाऱ्यांच्याही घरात तोंडं होती, तेही हिंदीच शिपाई होते, त्यांनाही हेच म्हणशील का? याला माझ्याकडे उत्तर नाही. ती पुढे म्हणते, टिळक १९१८ ला मुंबईत गव्हर्नरच्या सभेतून उठून गेले कारण सरकार स्वराज्याचं नाव न घेता सैन्यासाठी नुसती माणसं मागत होतं, त्यांना कळत होतं ते तुझ्या पणज्याला का कळू नये? मी म्हणते, पणजोबा तेव्हा रास-अल-ऐनला रुळांखाली खडी टाकत होते. यावर ती गप्प बसते, पण तिचं पटलेलं नसतं, आणि माझंही पूर्ण पटलेलं नसतं, कारण परत आल्यावर मिळालेल्या थकलेल्या पगारातून त्यांनी विहीर खोदली आणि त्या विहिरीचं पाणी पिऊन मी लहानाची मोठी झाले.

ज्याचा मला खरोखर संताप येतो ते वेगळंच आहे. बसऱ्याला इंग्रजांनी स्मारक बांधलं, ४० हजारांहून जास्त मृतांचं. त्यावर गोऱ्या शिपायाचं नाव कोरलंय. हिंदी साध्या शिपायाचं नाव नाही, पलटणीखाली फक्त आकडा, इतके इतर हिंदी सैनिक. नावं वेगळ्या रजिस्टरात होती. २०२१ ला त्यांच्याच युद्धसमाधी कमिशनने अहवाल काढून मान्य केलं की वागणूक सारखी नव्हती, ब्रिटिश सरकारने पार्लमेंटमध्ये माफीही मागितली. आता ती रजिस्टरं ऑनलाइन शोधता येतात, शिपायाचं नाव, बापाचं नाव, गाव, जिल्हा सातारा. मी शोधलं. नावं इंग्रजी कारकुनाने कानाला लागली तशी लिहिलेली, आमच्या गावासारखं दिसणारं एक नाव सापडतं पण बापाचं नाव जुळत नाही, दुसरीकडे बापाचं जुळतं तर गाव तिसरंच. म्हणजे थोरले अजूनही आकड्यातच आहेत, आणि तो आकडा तरी नेमका कुठला ते मला सांगता येत नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यासारख्या गावाला त्या महायुद्धात ४६ जण कामी आल्याची नोंद तरी मिरवता येते. आमच्या गावच्या चावडीत 'या गावातून इतके गेले, इतके मेले' अशी संगमरवरी पाटी होती म्हणतात, चावडी पाडली तेव्हा ती कुठे गेली कुणाला ठाऊक नाही, आणि अभिमानाचे मेसेज पाठवणाऱ्यांपैकी एकानेही ती शोधलेली नाही.

आणखी एक, जे कुणीच विचारत नाही. कूट हे रिकामं गाव नव्हतं. हजारो अरब माणसं बायकापोरांसकट त्या वेढ्यात अडकली होती, त्यांच्या धान्यातूनही शिपायांना पीठ मिळत होतं, आणि वेढा संपल्यावर इंग्रजांना मदत केली म्हणून तुर्कांनी त्यांच्यातल्या काहींना फासावर दिलं. ते तर कुणाच्याच पगारावर नव्हते. आमच्या दोघा भावांची कहाणी सांगताना ती माणसं सुटली तर ती कहाणी खोटी होते असं मला वाटतं.

यंदा पंधरा ऑगस्टला वीरांच्या वारसदार म्हणून दोन शब्द बोला असा निरोप पुन्हा आलाय. मी कळवलंय की बोलेन, पण घोड्याचं बोलेन, पाण्याच्या भांड्याचं बोलेन, फासावर गेलेल्या अरबांचंही बोलेन, आणि सत्काराची शाल घेणार नाही, ते पैसे पाटी शोधायला आणि नाही सापडली तर नवी करायला द्या, थोरल्यांच्या पूर्ण नावाची. चालत असेल तर बोलवा. अजून त्यांचं उत्तर आलेलं नाही.