लाल शेवाळ नेमकं कोणतं? आधी बोटांनी तपासा

रीफ टाकीतलं (म्हणजे प्रवाळ, अर्थात कोरल, ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतलं) लाल शेवाळ निळ्या एलईडीखाली ओळखायला जाऊ नका. लाल शेवाळातलं फायकोएरिथ्रिन हे रंगद्रव्य त्या प्रकाशात नारिंगी चमकतं आणि सगळंच सारखं दिसायला लागतं. पांढरा दिवा लावा, पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप) बंद करा, चिमट्याने एक झुबका काढा आणि टाकीचंच पाणी घेतलेल्या पांढऱ्या बशीत ठेवा. मग तो दोन बोटांत चोळून बघा.

बोटांत बुळबुळीत लागलं, फाटून पडदे निघाले आणि कुबट वास आला, तर ते शेवाळ नव्हेच. ते सायनोबॅक्टेरिया, थोडक्यात सायनो: प्रकाशावर वाढणारे जिवाणू. दुपारपर्यंत त्याच्यावर ऑक्सिजनचे बुडबुडे अडकतात आणि सिरिंजने पाणी मारलं की अख्खी चादर उठते. खरं लाल शेवाळ असं उठत नाही. इथे चूक महागात पडते: सायनोसाठीचं अँटिबायोटिक खऱ्या लाल शेवाळावर चालत नाही, आणि मरणारा सायनो पाण्यातला ऑक्सिजन खाली आणतो. म्हणून औषध टाकायचंच असेल तर एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चालू हवा.

दगडाला रंग दिल्यासारखा कडक जांभळा-गुलाबी थर म्हणजे कोरलाइन, चुन्याचं लाल शेवाळ. नखाने निघत नाही, खरवडला तर खडूसारखी भुकटी पडते, व्हिनेगरचा थेंब टाकला की फसफसतो. तो राहू द्या. त्याच्याशी गल्लत होते पेसोनेलियाची. ती गडद मरून, पापुद्र्यासारखी पसरते, कडा नखाने उचलता येतात आणि कोरलच्या बुंध्यावरही चढते. तिच्या काही जातींच्या खालच्या बाजूला चुना असतो, तेव्हा इथे व्हिनेगरवर भरवसा नको, कडाच तपासा.

खरी कसोटी केसाळ शेवाळांची. जेलिडियम काथ्यासारखं राठ असतं. ओढलं तर तुटतं, नाहीतर दगडाचा कण घेऊन येतं. (चायना ग्रास या वंशाच्या शेवाळांपासूनही बनतं.) खडकाला घट्ट धरून सरपटणारा भाग मागे उरला की काही आठवड्यांत पुन्हा झुपका. पॉलिसायफोनिया त्यामानाने मऊ, पाण्यात फुलतं आणि बाहेर काढलं की कुंचल्याच्या टोकासारखं चिकटून बसतं. मायक्रोस्कोपखाली 100 पटीवर शंका राहत नाही: धागा उसाच्या पेरांसारखा, प्रत्येक पेरात मधल्या पेशीभोवती लांबट पेशींची एकसारखी रांग. सेरामियमच्या धाग्यावर आडवे गडद-फिकट पट्टे आणि टोकं चिमट्यासारखी वळलेली. सायनोचा धागा मात्र अगदी बारीक, कधी कधी सरकतानाही दिसतो. त्यासाठी 400 पट लागेल.

गुलाबी कापसाचा गोळा वाऱ्यावर असल्यासारखा हलत असेल, तर अ‍ॅस्पारागॉप्सिसची एक अवस्था समजा. याला ब्रशने कधीही घासू नका. तुकडा न् तुकडा नव्याने वाढतो. सायफनची (पाणी ओढून बाहेर काढणारी) नळी गोळ्याला चिकटवून धरा आणि मगच उपटा.

जेलिडियमसाठी दगड टाकीबाहेर काढून पोलादी ब्रश वापरा. मऊ प्रकारांवर, दगड बाहेर काढूनच, 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ड्रॉपरने लावा, दोन-तीन मिनिटं थांबा, टाकीच्या पाण्याने भरलेल्या बादलीत धुवा आणि मगच परत ठेवा. कोरलच्या अंगावर थेंब पडू देऊ नका. कोळंबी याला फार नाजूक असते. मेस्पिलिया वंशाचा समुद्री साळिंदर (सी अर्चिन) कोवळ्या झुपक्यांवर चांगला चरतो, जुन्या राठ गठ्ठ्यांवर त्याच्याकडून आशा ठेवू नका.

पाण्यात फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम (दशलक्षात इतके भाग) आणि नायट्रेट 5 ते 10 पीपीएम ठेवा. दोन्ही शून्यावर नेण्याच्या नादात कोरल उपाशी राहतात आणि शेवाळाच्या जागी डायनोफ्लॅजेलेट्स (चिकट तपकिरी थर करणारे सूक्ष्मजीव) येतात. आरओ-डीआय फिल्टरने शुद्ध केलेलं पाणी शून्य टीडीएसवर (विरघळलेले क्षार शून्य) आहे का, हे दर भरणीला मीटरने बघा. आणि कोकण किनाऱ्यावरून जिवंत खडक (जीवांनी भरलेले समुद्रातले दगड) उचलून आणू नका. कडक कोरल वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, आणि खडकाच्या फटींतून कुठलं लाल शेवाळ टाकीत येईल हे दोन महिने कळणारही नाही.