सेन्सिटिव्ह त्वचा, टँकरचं पाणी आणि तीन बाटल्या: दिवाळीआधीची नोंद

उन्हाळा सुरू झाल्यापासून माझ्या शेल्फवर तीनच गोष्टी आहेत: सौम्य क्लेन्झर, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. टोनर नाही, सीरम नाही, स्क्रब तर घरातच नाही. नुसता टॉवेल जोरात फिरवला तरी ज्यांचे गाल लाल होतात, त्यांच्यासाठी ही नोंद. दहा पायऱ्यांचं कोरियन रूटीन ज्यांना मानवतं, त्यांचा मला निव्वळ हेवा वाटतो.

सगळ्यात जास्त फरक पडला तो क्लेन्झरने. ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना त्याचं कारण लगेच कळेल. एप्रिल-मेमध्ये आमच्या सोसायटीला नळाचं पाणी पुरत नाही, मग टँकर येतात. पाणी बोअरचं असलं की सांगावं लागत नाही. साबणाला फेस येत नाही, शॉवरच्या भोकांवर पांढरे खवले धरतात, स्टीलचा तांब्या दोन दिवसांत डागाळतो. या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबणाशी संयोग झाला की त्यांचा न विरघळणारा साका बनतो. बादलीच्या आत बोट फिरवून बघा, जी चिकट राखाडी रेघ हाताला लागते ना, तोच. तो चेहऱ्यावरही बसतो आणि नुसत्या पाण्याने सहज निघत नाही. त्यात साबणाचा पीएच (आम्ल-अल्कलीपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल) 9 ते 10 आणि निरोगी त्वचेचा 5 च्या आसपास. तोंड धुतल्यावर कातडी ओढल्यासारखी होते आणि नाकाच्या बाजूला चुरचुरतं, त्यामागे ही दोन्ही कारणं असतात.

म्हणून चेहऱ्याला साबण बंद, सिन्डेट (साबणाऐवजी सौम्य कृत्रिम डिटर्जंटपासून बनवलेला क्लेन्झर) सुरू. दुकानात ओळखायचं कसं? वेष्टनावरचे घटक वाचा. ‘सोडियम पामेट’, ‘सोडियम पाम कर्नेलेट’ असं वर दिसलं तर तो साबण. ‘सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट’ दिसलं तर सिन्डेट. टीएफएमच्या, म्हणजे साबणातल्या एकूण स्निग्धांशाच्या, आकड्यावर मात्र जाऊ नका. 76 टक्के टीएफएम म्हणजे ग्रेड 1 चा साबण, पण तरी साबणच, पीएच काही खाली येत नाही. सुगंधाचंही बघा. ‘अनसेंटेड’ लिहिलेल्या वस्तूत वास झाकायला दुसरा वास घातलेला असू शकतो. मला ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ हवं, आणि घटकांत ‘परफ्यूम’, ‘लिनालूल’, ‘लिमोनीन’ यांतलं काही नको.

फेसवॉश फक्त रात्री, घरी आल्यावर. सकाळी नुसतं पाणी. टँकरच्या दिवसांत शेवटचा हबका पिण्याच्या फिल्टरमधल्या पाण्याचा, एक भांडं पुरतं. आईला हे थेर वाटतात. “एवढ्याशा ट्यूबला साडेचारशे? अगं, डाळीचं पीठ काय वाईट होतं?” तिला ते आयुष्यभर मानवलंय, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नाही. माझ्या गालावर मात्र बेसनाची रवाळ घासणी चालत नाही.

मॉइश्चरायझरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सिरॅमाइड (त्वचेत मुळात असणारा स्निग्ध घटक) आणि ग्लिसरीन असलेलं पातळ लोशन, तोंड टिपून ओलसर असतानाच. ठाण्याच्या दमट हवेत जाड क्रीमने घामोळ्यासारखं होतं, पण ऐरोलीच्या ऑफिसात दिवसभर एसीखाली बसलं की दुपारी गाल कोरडे पडतात, म्हणून एक छोटी डबी ड्रॉवरमध्ये. जेल घेणार असाल तर त्यात अल्कोहोल किती वर लिहिलंय ते बघा. मला त्यानेच झोंबतं.

आता खरी डोकेदुखी: सनस्क्रीन. केमिकल फिल्टरवाल्या बऱ्याचशा घामाबरोबर डोळ्यांत उतरतात आणि आग करतात. झिंक ऑक्साइडची मिनरल सनस्क्रीन डोळ्यांना सोसते, पण आपल्या सावळ्या रंगावर ती राखुंडी फासल्यासारखी दिसते. ट्रान्स-हार्बर लोकलच्या लेडीज डब्यात समोरची बाई टक लावून बघायला लागली की कळतं. सध्या टिंटेड झिंकवर स्थिरावले आहे. तो तपकिरी रंग आयर्न ऑक्साइडचा. पांढरेपणा तर झाकला जातोच, वर दिसणाऱ्या प्रकाशालाही थोडा अटकाव होतो, म्हणजे जुने डाग गडद होण्याचा धोका कमी. एसपीएफ 30 साधारण 97 टक्के यूव्हीबी (त्वचा भाजणारे अतिनील किरण) अडवतो, 50 जेमतेम 98, त्यामुळे आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा प्रमाण पुरेसं घ्या: चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर लांबलचक रेघ. खिडकीशी बसणाऱ्यांनी पीए रेटिंग, म्हणजे यूव्हीए या त्वचेत खोल जाणाऱ्या किरणांपासूनच्या संरक्षणाचं माप, बघावं. काच यूव्हीबी बरंचसं रोखते, यूव्हीए मात्र आत येतं.

रात्री ही टिंटेड सनस्क्रीन एका धुण्यात निघत नाही, हा तिचा तोटा. मी आधी कोरड्या चेहऱ्यावर क्लेन्झर हलक्या हाताने फिरवते, मग पाणी लावते. क्लेन्झिंग ऑइल वापरणाऱ्या मैत्रिणी हसतात, पण मला चौथी बाटली नकोय.

पावसाळ्यात कपाळावर एकसारखे बारीक, खाजरे दाणे आले. पिंपल समजून त्यावर सॅलिसिलिक अॅसिड लावायचा मोह होतो, तो आवरला. त्वचारोगतज्ज्ञांनी यीस्टमुळे उठलेलं पुरळ सांगितलं आणि अँटिफंगल दिलं. केसांचं खोबरेल घामाबरोबर कपाळावर उतरत होतं, तेही थांबवलं. इथे एक कळकळीची विनंती: केमिस्टने सहज पुढे केलेल्या क्रीमवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका. ही स्टेरॉइडं आहेत. दोन दिवसांत चेहरा छान दिसतो, पण महिनोन् महिने लावत राहून सोडलं की लाली आणि आग दुपटीने परत येते.

पुढचा प्रयोग नायासिनामाइड (व्हिटॅमिन बी3 चा एक प्रकार), पण 5 टक्क्यांपर्यंतच. 10 टक्केवाल्यांनी अनेकांचे चेहरे तापतात. व्हिटॅमिन सी तूर्त नाही. त्याच्या शुद्ध रूपाला, एल-अॅस्कॉर्बिक अॅसिडला, काम करायला पीएच साडेतीनच्या खाली लागतो आणि तेवढा आंबटपणा माझ्या गालांना सोसेलसं वाटत नाही. नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला, रोज दोनदा, आठवडाभर. मग जबड्याच्या कडेला, आणि तेव्हाच पूर्ण चेहऱ्यावर. एका वेळी एकच वस्तू, नाहीतर त्रास कशाने झाला ते कळत नाही. त्वचेचा वरचा थर नवा व्हायला साधारण चार आठवडे लागतात, तोवर निकाल लावायचा नाही.

पण हे सगळं दिवाळीनंतर. गोखले रोडवर उटण्याची पाकिटं लागली आहेत आणि आईने कचोरा, नागरमोथा, आंबेहळद, वाळा, संत्र्याची साल घातलेलं घरचं उटणं दळून ठेवलंय. वासाने घर भरलंय, आणि वासाच्या वस्तू म्हणजे माझ्या गालांचे जुने वैरी. नरक चतुर्दशीला तेल-उटणं हाता-पायांना आणि पाठीला लावणार, चेहरा मानेपासून वगळणार. आईला तसं सांगून झालंय. ती म्हणाली, “बरं, पण नाकाला तरी एक टिकली लावीन.” लावू दे.