नुरोता ते सेंतोब: फाट्यावर उतरू नका

आधी कामाचं सांगते, बाकी वाचलं नाही तरी चालेल. उझबेकिस्तानात नुरोताहून सेंतोबला गाडी ठरवताना नुसतं "सेंतोब" म्हणू नका. ज्या घरी मुक्काम आहे त्यांना फोन लावा, ड्रायव्हरच्या कानाला द्या, त्यांचं त्यांना बोलू द्या. भाड्याचा आकडा त्याच्याच मोबाइलवर त्यालाच टाइप करायला लावा. आम्ही यातलं काहीही केलं नाही. म्हणून मे महिन्यात दुपारी एक वाजता मी आणि माझी नणंद, वय अनुक्रमे ४८ आणि ५५, पाठीवर सॅक घेऊन एका उघड्याबोडक्या फाट्यावर उभ्या होतो.

ही सहल २०२४ च्या मे महिन्यातली. ज्याला त्याला विचारलं तर एकच उत्तर: उझबेकिस्तान एकदम सोपं, रेल्वे आहे, माणसं देवमाणसं. ते ताश्कंद-समरकंद-बुखारा करून आलेल्यांचं मत असतं. तिथे रेल्वे आहे, अ‍ॅपवर टॅक्सी मिळते, हॉटेलवाल्याला हिंदी सिनेमाची गाणी पाठ असतात. रूळ सोडून पन्नास किलोमीटर आत गेलं की खेळ बदलतो. आम्हाला मात्र आतच जायचं होतं. आठ दिवस, दोन ठिकाणं, घाई नाही असं ठरवून निघालो होतो.

व्हिसाचं पुराण लावत नाही. ई-व्हिसा २० डॉलरला, घरबसल्या होतो. एक गोष्ट मात्र खेड्यात राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावी: एका जागी तीन दिवसांच्या वर राहिलात तर नोंदणी लागते. ती मुक्कामाच्या घरानेच ऑनलाइन करायची असते. खेड्यातली मंडळी "करते उद्या" म्हणतात, आपण रोज आठवण करायची आणि पावती हातात घेऊनच निघायचं.

ताश्कंदहून नवोईपर्यंत रेल्वे. नवोई हे १९५८ साली वसवलेलं, खाणकामावर उभं राहिलेलं शहर. रुंद रस्ते आणि सरळ रेषेतल्या चाळवजा इमारती. पाहायला थांबू नका. स्टेशनबाहेर जो हात धरायला येईल त्याच्याशी न बोलता शेअर टॅक्सीच्या अड्ड्यावर जा. चार माणसं झाली की गाडी सुटते. नुरोतासाठी आम्ही सीटला ३०,००० सोम (तिथलं चलन) दिले, आमच्याबरोबरच्या बाईनेही तेवढेच दिले. हा आकडा पुढे परत येणार आहे.

हिशेबाची सोपी रीत: तीन शून्यं उडवा, उरलेल्याला सातने गुणा, साधारण रुपये येतात. स्थानिक लोक बोलतानाही "मिंग" म्हणजे हजार गाळूनच टाकतात. "ओत्तिझ" म्हणाला तर तीस नव्हे, तीस हजार. यिगिर्मा वीस, ओत्तिझ तीस, एल्लिक पन्नास, यूझ शंभर एवढं पाठ करून जा. "कांचा?" म्हणजे केवढ्याला. आणि "किम्मत" म्हणजे महाग! वन्सं पहिले दोन दिवस बाजारात सगळ्यांना "किम्मत? किम्मत?" विचारत होत्या आणि दुकानदार तोंड पाडून भाव कमी करत होते. हा शोध उशिरा लागला याचं मला अजून वाईट वाटतं.

वाटेत मिथेनचा पंप लागतो. तिथे सगळ्या प्रवाशांना गेटाबाहेर उतरवतात, गाडी एकटी आत जाते, गॅस भरून पलीकडे येते. आपली सॅक डिकीत घेऊन गाडी दिसेनाशी होते तेव्हा काळजात धस्स होतं. घाबरू नका, नियमच तसा आहे. पासपोर्ट आणि पैसे मात्र गळ्यातच ठेवा.

नुरोता गाव छान आहे. डोंगराच्या पायथ्याशी, पलीकडे किझिलकुम वाळवंट. गावाच्या मधोमध चश्मा नावाचा झरा आहे, पाणी वर्षभर १९-२० अंशाच्या आसपास. त्यात माशांचे थवेच्या थवे. त्यांना कुणी हात लावत नाही, पवित्र मानतात. आपल्याकडे महाडजवळ वाळणकोंडीला डोहातल्या माशांना जसं जपतात, अगदी तसं. हे मारिंका जातीचे मासे, त्यांची अंडी तशीही विषारी असतात, पण भक्तीपुढे ते कारण किरकोळ. शेजारी मशीद आणि नूर-ओताचं मजार, मागच्या टेकडीवर मातीच्या किल्ल्याचे अवशेष. किल्ला सिकंदराने बांधला असं प्रत्येक जण सांगतो. वर चढायला वीस मिनिटं, सकाळी लवकर जा, सावलीचा एक ठिपकाही नाही.

मला जास्त आवडले ते कोरीझ. डोंगरातलं भूजल हलक्या उताराच्या बोगद्यातून वस्तीपर्यंत आणायचं, मध्ये मध्ये साफसफाईला विहिरींसारखी तोंडं ठेवायची. संभाजीनगरची नहर पाहिलेल्या माणसाला समजवायची गरज नाही, मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हेच केलं. बरेच कोरीझ आता बुजलेत. मातीच्या ढिगांची रांग दिसली की समजायचं, खालून बोगदा जातो. गावात याचा फलक वगैरे आम्हाला कुठे दिसला नाही, विचारत विचारत गेलो.

चार रात्री राहिलो. सुझानी भरतकाम करणाऱ्या एका आजींकडे दोन दुपारी बसलो, "सुझन" म्हणजे सुई, पांढऱ्या सुती कापडावर फुलांचे गुच्छ. घेतलं नाही, बजेट नव्हतं. तुती पिकल्या होत्या, रस्त्यावर पडलेल्या. बाकी त्या चार दिवसांत लिहिण्यासारखं काही झालं नाही, आणि त्यासाठीच गेलो होतो.

आता सेंतोब. नुरोताव डोंगररांगेच्या उत्तर अंगाला दरीत वसलेलं गाव, माणसं घरात ताजिक बोलतात, ओढ्याकाठी अक्रोडाची झाडं. घरगुती मुक्कामाची सोय आहे. तिकडे जायला बाजारातून गाड्या मिळतील असं आम्हाला सांगितलं होतं. मिळतात, पण कधी ते कुणी सांगितलं नव्हतं. खेड्यातले लोक सकाळी बाजाराला येतात आणि अकराच्या आत परततात. आम्ही आरामात नाश्ता करून साडेअकराला पोचलो. अड्ड्यावर एक पांढरी कोबाल्ट आणि एकच ड्रायव्हर.

त्याने पूर्ण गाडीचे १,५०,००० मागितले. म्हणजे हजार रुपये, पन्नासेक किलोमीटरला ठीक वाटलं. हो म्हटलं. तो गोड बोलत होता, राज कपूर, मिथुन, शाहरुख असा पाढा झाला, मी त्याला "अका" म्हणजे दादा म्हणत होते. डांबरी रस्ता संपेपर्यंत सगळं गोड. मग जिथून दरीकडे रस्ता वळतो तिथे गाडी थांबली. "सेंतोब," तो म्हणाला, हात वर डोंगराकडे. मग दोन्ही हातांनी खड्डे, दगड, चाकं मोडणं याचा मूकाभिनय. वर जायचे आणखी "यूझ".

आणखी एक लाख. माझं डोकं फिरलं. साडेसहाशे रुपये काही जीवघेणे नव्हते, पुण्यात एका जेवणाला जास्त उडतात, पण तेव्हा तत्त्वाचा प्रश्न वाटला. वन्सं म्हणाल्या, "देऊन टाक गं." मी म्हटलं, नाही. ठरलेले दीड लाख त्याच्या हातात ठेवले, सॅक काढल्या, आणि तो खांदे उडवून निघून गेला.

पुढचे दोन तास मी तुम्हाला तपशीलवार सांगणार, कारण या लेखाचं कारणच ते आहे. रस्ता खडीचा, चढ फार नाही पण संपत नाही. राजगडावर सॅक घेऊन चढलेल्या माणसाला हे काहीच नाही, पण राजगडावर आपण पहाटे चढतो आणि पाणी भरून निघतो. आमच्याकडे दोघींत मिळून एक लिटर होतं, कारण गाडीने दारात सोडायचं होतं. हवा इतकी कोरडी की घाम दिसतच नाही, त्यामुळे आपण ठीक आहोत असं वाटतं आणि तिथेच फसतो. वन्संचं डोकं गरगरू लागलं तेव्हा एका एकट्या झाडाखाली अर्धा तास बसलो. मीठ-साखरेची पुडी सॅकच्या तळाशी होती. ती वरच्या कप्प्यात ठेवा.

आणि खरी चीड कशाची? आम्ही चालत असताना दोन दामास, म्हणजे ती ओम्नीसारखी छोटी व्हॅन, धूळ उडवत आरामात वर गेल्या. दोन्ही माणसांनी खच्चून भरलेल्या. चाकं कुणाचीही मोडली नाहीत. त्या रस्त्याला खड्डे म्हणणाऱ्याला मुंबई-गोवा महामार्गावर एक पावसाळा गाडी चालवायला लावलं पाहिजे.

शेवटी गाढवावरून गवत नेणारा एक पोरगा भेटला. त्याने काही न विचारता वन्संची सॅक गवतावर ठेवली. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. घरी पोचलो तेव्हा ओपा (म्हणजे ताई), आमची घरमालकीण, कपाळाला हात लावून उभी राहिली. फोन का नाही केलात, दीड लाखांत दारापर्यंतच येतात सगळे. मग तिने वाडग्यातून अयरान आणून दिलं. खारट गार ताकच ते. वन्सं तीन वाडगे प्यायल्या.

जेवणाचं शाकाहाऱ्यांसाठी: "गोश्तसिझ" म्हणजे मांसाशिवाय, हा शब्द पाठ करा, पण त्यावर विसंबू नका. दुंब्याच्या शेपटीची चरबी तिथे गोश्तात मोजत नाहीत. पुलावातले तुकडे बाजूला काढून "घ्या, गोश्तसिझ" असं प्रेमाने पुढे येतं. आणि "सब्झी" मागितलीत तर गाजर मिळेल, कारण सब्झी म्हणजे गाजरच. वन्संनी तीन दिवस नॉन (म्हणजे तिथली रोटी), टोमॅटो-काकडी, दही, अक्रोड आणि जर्दाळूवर काढले, बरोबर नेलेली शेंगदाण्याची चटणी होतीच. चटणी न्या. मेतकूट न्या.

घर माणशी ३,५०,००० सोम, दोन वेळचं जेवण धरून. मला ते थोडं जास्त वाटलं, वन्संना नाही. झोपायला जमिनीवर कुर्पाचा, म्हणजे जाड गाद्या. दिवसभर बसायला ओढ्यावर तप्चान, म्हणजे लाकडी बैठक. संडास अंगणाच्या टोकाला. त्याला "होजतखोना" म्हणतात, हाजत शब्द माहीत असलेल्या मराठी माणसाला भाषांतर नको. रात्री टॉर्च लागतो आणि मे महिन्यातही स्वेटर.

वरच्या फोझिलमोन तळ्यापर्यंत मी एकटी गेले. जुन्या वस्तीची पडकी दगडी घरं लागतात, ती तळ्यापेक्षा पाहण्यासारखी आहेत. तळं छोटं. जाताना साडेतीन तास, येताना घसाऱ्यावर दोनदा बसले. पकड असलेले बूट नसतील तर पडक्या घरांपासून परत फिरा, काही चुकत नाही.

ऐदारकूल तलावाजवळचा तंबूंचा मुक्काम आम्ही वगळला आणि तुम्हीही वगळा. हा तलावही नैसर्गिक नाही, १९६९ च्या पुरात चारदारा धरणाचे दरवाजे उघडले आणि सिर दर्याचं पाणी खोलगट भागात येऊन साठलं. हे मला फार रोचक वाटतं. पण आम्हाला सांगितलेल्या पॅकेजात तलाव कमी आणि उंटावरचे फोटो जास्त होते.

परतीचं: पहाटे सहाला गावातून बाजाराला जाणारी दामास असते, ओपाने आदल्या रात्री दोन जागा सांगून ठेवल्या. माणशी २०,०००. म्हणजे ज्या प्रवासाला आमचे दीड लाख आणि दोन तासांची पायपीट गेली, तो दोघींना मिळून चाळीस हजारांत झाला. एका आजींनी मांडीवर सुक्या जर्दाळूंची पिशवी ठेवून दिली. तर सकाळची दामास, येतानाही आणि जातानाही. दुपारी टॅक्सी नकोच.

नुरोताच्या अड्ड्यावर नवोईच्या रांगेत पहिला नंबर कुणाचा होता? पांढरी कोबाल्ट, तोच अका. आम्हाला पाहून जुने स्नेही भेटल्यासारखा हसला, वन्संची सॅक स्वतः उचलून डिकीत ठेवली. मी बोलणारच होते, पण मागच्या सीटवर दोन बायका आधीच बसलेल्या होत्या आणि आम्ही दोघी धरून गाडी भरत होती. वन्संनी त्याच्यापुढे हात पसरून मोबाइल मागितला. त्याने मुकाट्याने ६०,००० टाइप केलं. वन्संनी त्या स्क्रीनचा फोटो काढला, मग मागे जाऊन नंबर प्लेटचा काढला, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.