सातबाऱ्यावरून उतरलेली बाभूळ

गोडोलीतल्या आमच्या कॉलनीच्या कुंपणाला ओळीने सात झाडं आहेत. ऑस्ट्रेलियन बाभूळ. बारा महिने वर हिरवीगार आणि बारा महिने खाली पाचोळा. तोही चिवट. गेल्या पावसाळ्यात खतखड्ड्यात टाकलेला यंदा उपसला, तर बराचसा जसाच्या तसा. झाडलोट करणाऱ्या मावशींचा या झाडांवर कायमचा राग. ‘‘काटा न्हाई, शेळी तोंड लावंना, हिला बाभळ कुनी म्हनलं?’’

त्यांना कसं सांगायचं, की रोज झाडता ती पानंच नाहीत!

मलाही ते परवाच नीट दिसलं. गटाराच्या कडेला बोटभर रोप उगवलं होतं, ते उपटून ओट्यावर ठेवलं. तळाशी दोन-तीन नाजूक पानं, थेट आपल्या बाभळीसारखी, बारीक पर्णिकांची. त्यांच्या वरचं पान मात्र धड ना हे ना ते. देठ चपटा होऊन पसरलेला आणि टोकाला पर्णिकांचा तुरा कसाबसा टिकून. आणखी वर तुराही नाही. नुसता चपटा देठ, विळ्यासारखा वाकलेला, उभ्या शिरांचा. इथून पुढे जन्मभर झाड देठांवरच पानांचं काम भागवतं. कोरड्यात निभावायला ते बरं पडतं. शिवाय मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पुरवतात, म्हणून मुरमातही ही फोफावते.

शेंग वाळली की पिळवटून कानाच्या पाळीसारखी वळते. झाडाच्या शास्त्रीय नावातलं ‘ऑरिक्युलिफॉर्मिस’ म्हणजे कानाच्या आकाराची. आत काळं चकचकीत बी, भोवती केशरी दोरा.

आडनाव ‘अकेशिया’. इथेच खरी गंमत आहे. ग्रीक लोक ‘अकाकिया’ म्हणत ते इजिप्तमधल्या काटेरी बाभळीला, म्हणजे आपल्या बांधावरच्याच जातीला. शब्दाच्या मुळाशी अणकुचीदार टोक आहे, असं सांगतात. पुढे अभ्यासकांच्या लक्षात आलं, की हे एक घराणं नाही, वाटण्या कराव्या लागणार. ऑस्ट्रेलियाकडच्या जाती हजाराच्या आसपास. एवढ्यांची नावं कोण बदलणार? २००५ साली व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत फेरफार झाला, ‘अकेशिया’ त्यांच्या नावावर चढलं. हरकती आल्या, पण २०११ साली मेलबर्नला नोंद कायम झाली. मेलबर्नलाच, बरं का! आपली बाभूळ आता ‘व्हॅचेलिया निलोटिका’. खैरही ‘सेनेगालिया’ झाला. काट्याचं नाव बिनकाट्याच्या पाहुणीला, आणि जिच्या लाकडाचे औत-कुळव झाले, जिच्या शेंगांवर शेळ्या पोसल्या, तिला कुणा व्हॅचेल नावाच्या पाद्र्याचं.

काल हे सगळं मावशींना सांगितलं. खराटा भिंतीला टेकवून त्यांनी पुरतं ऐकून घेतलं.

‘‘मग तलाठ्याला किती दिलं म्हनं?’’