खाली बघायचं म्हणजे कुणाकडे?

स्मरणिकेसाठी लिही लिही म्हणून ग्रुपवर सारखे मेसेज यायला लागले, आता सोनेरी दिवस, संस्कार, शिक्षकांचे ऋण हे बाकीचे लिहितीलच आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहितील, म्हणून मी जरा वेगळंच लिहितो. आमच्या वर्गात एक वाक्य कायम ऐकू यायचं, आपल्यापेक्षा खाली असणाऱ्यांकडे बघावं म्हणजे आपल्याकडे काय आहे ते कळतं. आणि खाली बघायला जो मुलगा लागायचा तो बहुतेक वेळा मीच! वडील लवकर गेलेले, पुस्तकं कुणाची तरी वापरलेली, त्यामुळे कुणी अभ्यासाचा कंटाळा केला की ‘त्याच्याकडे बघा, काही नसताना करतो ना तो’ हे ठरलेलं. हेतू चांगलाच होता, आज त्याचा राग नाही. पण ज्याच्याकडे बघून सगळ्यांनी समाधानी व्हायचं त्याने स्वतः कुणाकडे बघायचं हे मात्र कधी कुणी सांगितलं नाही.

बरं, बाकीचे तरी कुठे समाधानी व्हायचे? तेवढ्यापुरते माना खाली घालायचे, आणि रिझल्टच्या दिवशी जो तो शेजारच्याचा पेपर ओढून त्याला दोन मार्क जास्त कसे पडले ते शोधत बसायचा. माझी परिस्थिती तेव्हा कुणाला आठवायची नाही. पुढे मानसशास्त्र शिकताना लिऑन फेस्टिंगरने 1954 साली मांडलेली थिअरी वाचली, माणूस स्वतःला जोखायला साधारण आपल्यासारखाच माणूस शोधतो, फार वरचा नाही आणि फार खालचाही नाही, तेव्हा डोळ्यासमोर आमचा वर्गच आला.

म्हणजे तुलना अगदीच फुकट असते असंही मी म्हणणार नाही. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या खेळाडूंचे चेहरे अभ्यासले तर ब्रॉन्झवाले सिल्व्हरवाल्यांपेक्षा खूश दिसले, 1995 साली तो अभ्यास छापून आला. सिल्व्हरवाल्याला हुकलेलं गोल्ड दिसतं आणि ब्रॉन्झवाल्याला वाटतं, वाचलो, नाहीतर रिकाम्या हाताने परतलो असतो. पण नीट बघा, तो चौथ्या नंबरवाल्याची कीव करून खूश नाहीये, आपलंच पदक थोडक्यात गेलं असतं हे त्याला जाणवतंय. माझ्या मते सगळा फरक इथेच आहे. दुसऱ्याकडे नाही हे बघून फार तर हायसं वाटतं किंवा भीती वाटते की उद्या आपलंही असंच झालं तर. आपल्याकडचंच नसतं तर काय, हा विचार जास्त कामाचा. 2008 च्या एका अभ्यासात काही जोडीदारांना आपली भेट कशी झाली ते लिहायला सांगितलं आणि काहींना ती झालीच नसती तर कसं, ते. नात्याबद्दल जास्त समाधान दुसऱ्या गटाला वाटलं.

आमच्या मराठीच्या बाईंनी हा अभ्यास वाचणं शक्यच नव्हतं, तो झालाच नव्हता तेव्हा, पण एकदा त्यांनी निबंध दिला होता, ‘माझ्या आयुष्यात ही एक व्यक्ती नसती तर’. त्या दिवशी पहिल्यांदा मला कुणाच्या वर-खाली उभं राहावं लागलं नाही, फक्त माझंच बघायचं होतं. मी बेंचवरच्या शेजाऱ्यावर लिहिलं, तो नसता तर मी गणितात कुठे असतो वगैरे, आणि लिहिता लिहिता जे सुचत गेलं त्याने मीच चकित झालो. वही परत मिळाल्यावर त्याने ती घेतली, पूर्ण वाचली, थोडा वेळ काहीच बोलला नाही, आणि मग विचारलं, तुला किती मार्क पडले रे?