बारावी पास, पण वाचता येईना: न्यूयॉर्कहून मामांना

माझे मामा शिरपूर तालुक्यातल्या एका कॉलेजात शिकवतात. परवा फोनवर म्हणाले, "माय, पोरेसले वाचता येत नही. बारावी पास शेतस, पन..." पुढे नुसता सुस्कारा. अमेरिकेत असल्या पोरांना कॉलेजच्या दारातही उभं करत नसतील, असा त्यांचा ठाम समज.

मामा, अशाच पोरांवर माझा पगार चालतो.

न्यूयॉर्कच्या एका सरकारी कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या पदवीच्या कॉलेजात, लेखन केंद्र आहे, तिथे मी बसते. घरी स्पॅनिश नाहीतर बंगाली बोलणारे येतात, रात्रपाळी संपवून थेट आलेले येतात. पण याच शहरात बारा वर्षं इंग्रजी शाळेत काढून एक परिच्छेद धड न लिहिता येणारेही भरपूर. आमचं कॉलेज जिच्यात येतं ती इथली सिटी युनिव्हर्सिटी १९६९ मध्ये कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन विद्यार्थ्यांच्या आंदोलनानं हादरली. १९७० पासून शहरातल्या कुठल्याही हायस्कूल पास मुलाला तिथे प्रवेश मिळू लागला. मग कच्च्यांसाठी वेगळे वर्ग निघाले. सेमिस्टर जायचं, पदवीच्या खात्यात काहीच जमा व्हायचं नाही, आणि मुलं तिथेच गळायची. २०२२ पर्यंत ते वर्ग बंद केले. आता नेहमीच्याच वर्गात बसवतात आणि सोबत जादा तास देतात.

आमच्याकडे पेन विद्यार्थ्याच्याच हातात. मी चुका दुरुस्त करत नाही, निबंध मोठ्यानं वाचायला लावते. गंमत म्हणजे कागदावर नसलेलं क्रियापद तोंडातून आपसूक बाहेर पडतं. तिथे थांबवायचं: "आत्ता बोललास ते लिहिलंयस का?" तासाभरात कधी अर्धं पानही सरकत नाही. बोलणं पक्कं आणि लेखणी कच्ची, हे खानदेशाला मी काय सांगावं? आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्या बहिणाबाईंनाच लिहिता-वाचता येत नव्हतं. घरातल्यांनी टिपून घेतल्या म्हणून त्यांच्या ओव्या उरल्या.

दार आपल्याकडेही उघडंच आहे. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याची, घरी पावरी किंवा भिली या आदिवासी भाषा बोलणारी मुलं एफवायला येतात. 'असर' या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२३ च्या पाहणीत देशातल्या १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी सुमारे २५ टक्क्यांना आपल्या भाषेतला दुसरीचा मजकूरही सलग वाचता आला नाही. तीच मुलं पुढे कॉलेजात येणार. आणि तिथे गाइड, आयएमपी प्रश्न, पाठांतर, एटीकेटी असं करत पदवी निघते. तीन वर्षांत एक पान कुणी मोठ्यानं वाचून घेत नाही. न्यूयॉर्कातही सगळेच पदवीपर्यंत पोचतात असं नाही, फीही आहे. पण न येणं लपून राहत नाही.

"पगार कोण देणार?" हा मामांचा प्रश्न रास्तच. आमच्या केंद्रात शिकवणारे बरेचसे वरच्या वर्गातले विद्यार्थीच, तासावर पैसे घेणारे. 'कमवा आणि शिका'त आपण पोरांकडून लायब्ररीतली पुस्तकं लावून घेतो, बाग झाडून घेतो. त्याच पैशात टीवायचे चौघे एफवायच्या मुलांजवळ बसवा ना, म्हटलं.

"आधी टीवायवाल्यांना येतं का ते बघू," मामा म्हणाले. पण चार नावं त्यांनी लगेच सांगितली. त्यातल्या दोघी धडगावच्या, पावरी बोलणाऱ्या.